बाळाला उचलणारे

"जैतूनबी, उद्यापासून नका येऊ," हे वाक्य विभावरीने सकाळपासून चारदा मनात म्हणून पाहिलं होतं. तोंडून मात्र फुटत नव्हतं. आखाती शहरातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात, तिच्या फ्लॅटमध्ये जैतूनबी पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांवर चार महिन्यांचा कैवल्य तेलात माखून खिदळत होता.

काल डॉक्टरांनी बजावलं होतं. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, म्हणून त्याला उचलणाऱ्यांनी घ्यायची. इथल्या फुटबॉल वर्ल्डकपला महिना राहिलाय, जगभरची माणसं इथे उतरतील, उशीर करू नका.

'उचलणारे' म्हटल्यावर विभावरीला एकच माणूस आठवलं. रत्नागिरीच्या या जैतूनबी. बिन महमूद वस्तीत एका खोलीत राहणाऱ्या, रोज चार घरची बाळं न्हाऊ घालणाऱ्या.

"तुमच्या खोलीत किती जण आहात हो?"

"आमी सहा. का ओ ताई?"

"नाही, फ्लूची साथ येईल म्हणतात. दाटीवाटीत लवकर पसरतो. बाळ लहान आहे ना, म्हणून आपलं..."

आडून बोलण्यात विभावरीचा हात कोणी धरू शकत नसे. पण जैतूनबींना कळायचं ते कळलं. त्यांनी हात पुसले, पर्समधून घडी घातलेला कागद काढून पुढे धरला. त्यावर हेल्थ सेंटरचा शिक्का होता आणि तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.

"फुकट देतात. दोन तास लायनीत उभी होते. लोकांची लेकरं हातात घ्यायची, मग मी नाय घेतली तर कोन घेनार?"

विभावरीने कागद वाचला. पुन्हा वाचला, कारण वर बघायचं धाडस होईना. लाजेने तिचे कान तापले. ते हेल्थ सेंटर तिच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर होतं. ती आणि तिचा नवरा श्याम महिनाभर 'या आठवड्यात नक्की जाऊ' म्हणत होते. श्याम कालपासून शिंकत होता आणि रात्री बाळ त्याच्याच छातीवर झोपलं होतं. तिचाही घसा सकाळपासून खवखवत होता.

"तुमचं दोघांचं तर झालंच आसंल," जैतूनबी म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. शिकल्यासवरल्या माणसांचं झालेलंच असतं, असं त्या खरोखर धरून चालल्या होत्या.

अजूनही खरं सांगता आलं असतं.

"हो, कधीच," विभावरी म्हणाली.

"बरं केलंत." जैतूनबींनी कैवल्यला न्हाऊ घातलं, टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं आणि हसत तिच्यापुढे धरलं. "घ्या. मुका घ्या बघू त्याचा."

विभावरीने त्याला घेतलं. त्याने आपला ओला, इवलासा हात तिच्या तोंडावर ठेवला. तिने श्वास रोखून धरला.