रिपोर्टमध्ये न सापडलेलं

सुलक्षणानं स्वतःच्या लघवीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा सरकवली. विट्याच्या लॅबमध्ये ती बारा वर्षं लोकांचे नमुने तपासत होती. पू नव्हता, जंतू नव्हते. तरी वर्षभर ओटीपोटात आग पडायची आणि दर अर्ध्या तासाला पळावं लागायचं. अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले होते. सासूबाई म्हणायच्या, "मनाचे खेळ आहेत तुझ्या."

मग दुखतं तरी काय, हे तिला बघायचंच होतं. कराडच्या डॉक्टर मुल्लाबाईंनी मूत्राशयात दुर्बीण घातली, तेव्हा तिनं स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगितला. फिकट गुलाबी अस्तरावर एक लालभडक चट्टा होता.

"हा व्रण. जंतूंमुळे झालेला नाही, म्हणून लघवीत काही सापडत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मग कशानं होतो?"

"नक्की कारण अजून कुणालाच कळलेलं नाही. पण तो जाळला की बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं. चहा, आंबट कमी करून बघा. कशानं वाढतं ते लिहीत जा."

सुलक्षणा चट्ट्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं.

व्रण जाळल्यावर दोन महिन्यांत ती सलग तीन तास खुर्चीत बसू लागली. एका सकाळी एक भाजीवाली तिसऱ्यांदा लघवीचा रिपोर्ट न्यायला आली. "सगळं नॉर्मल आहे," सुलक्षणा म्हणाली. बाई खाली मान घालून निघाली.

सुलक्षणा काउंटरमागून बाहेर आली. "मावशी, बसा जरा. अजून दुखतंय ना?"