मजल्यामागून मजला

म्हातारीने आजही बसथांब्याच्या बाकाचा कोपरा धरला, गुडघ्यांना दोन शिव्या हासडल्या आणि मान वर केली. समोरची इमारत आणखी एका मजल्याने बुटकी झाली होती; आता थोडेच मजले उरले होते.

एके काळी शहरातली सगळ्यात उंच इमारत ही. वरपासून खालपर्यंत नुसत्या कचेऱ्या. लोक परगावाहून बघायला यायचे आणि मान मोडेस्तोवर वर बघत राहायचे. आता म्हणे तिची छतं ठेंगणी, नव्या जमान्याचे पाइप आणि वायरी त्यांत मावत नाहीत. तिच्या जागी तिच्या दुप्पट उंच नवी इमारत उभी राहणार होती. आजूबाजूला एवढी दाटी, सुरुंग लावणार तरी कसा? म्हणून माणसं माथ्यावर चढून एकेक मजला फोडत खाली येत होती.

"आजी, तुमची हजेरी लावून टाकू का?" फाटकावरच्या पहारेकऱ्याने रोजची थट्टा केली.

"लाव की. ओव्हरटाइमसकट लाव."

जेवणाच्या सुट्टीत मुलगी ऑफिसमधून धावतपळत आली. "आई, पुरे झालं हं आता! ही धूळ खाऊन दमा वाढला म्हणजे? काय ठेवलंय एवढं त्या इमारतीत?"

"तुझे बाबा."

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि घरात त्यांचं नाव दोघीही जपूनच काढत.

"लग्न नवीन होतं," म्हातारी इमारतीवरची नजर न काढता म्हणाली. "हे वर लोखंड जोडायला असायचे आणि मी डबा घेऊन इथे. इमारत वाढत गेली तसे हे लहान होत गेले. आधी चेहरा दिसेनासा झाला. मग हलवलेला हातही दिसेना. शेवटी नुसता ठिपका. सगळे ठिपके सारखेच गं, पण त्यातला माझा कुठला ते मी ठरवून टाकायची. जीव नुसता खालीवर व्हायचा."

"आणि आता?"

"आता खाली येतायत. हळूहळू."

मुलीने साहेबांना फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईला खेटून बसली.

"यातले बाबा कुठले?"

"तो बघ, कडेला. कमरेवर हात ठेवलेला. असेच उभे राहायचे, जशी काही स्वतःची इमारत."

दोघी बघत राहिल्या. तेवढ्यात वारा सुटला, धूळ बाजूला झाली. कडेचा माणूस दोन पावलं पुढे आला आणि हेल्मेट काढून त्याने घाम पुसला. कुरळे केस, बारीक दाढी. पोरगाच होता. खाली कुणाकडे तरी बघून तो हसला, तेव्हा त्याचे दातसुद्धा दिसले.

म्हातारीने डोळे चोळले आणि पुन्हा एकदा पाहिलं. मग बाकाला हात टेकून ती उठली.

"चल, घरी जाऊ."

"अगं, आत्ताच तर बसले मी! रजा काढलीय तुझ्यासाठी. आणि आज किती स्वच्छ दिसतंय बघ."

"हो ना," म्हातारी म्हणाली. "चेहरे दिसायला लागले."