दुसरी गोळी

यासिरनं काउंटरवर तीन पिस्तुलं मांडली आणि त्यातलं सगळ्यात लहान प्रेमानंदसमोर सरकवलं.

"नव्या माणसानं यानं सुरुवात करायची," तो म्हणाला. शूटिंग रेंजवरचा हा प्रशिक्षक ओमानी बलुची, हिंदी सफाईनं बोलायचा. "पॉइंट टू-टू. आवाज कमी, झटका कमी. मनात भीती बसत नाही."

प्रेमानंदनं त्याला हातही लावला नाही. तो पन्नाशी उलटलेला इंजिनिअर. मस्कतमध्ये पाण्याच्या पाइपलाइनी टाकण्यात उमेदीची वर्षं गेलेली. मुलाला खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा त्यानं कधी घेऊन दिलं नव्हतं.

"नाइन एमएम हवं," तो म्हणाला. "मागे हातोडीसारखा घोडा असलेलं."

"आधी चालवलंय?"

"नाही."

"मग हेच कशाला?"

प्रेमानंदनं मागे वळून पाहिलं. काचेपलीकडच्या खुर्चीत सुगंधा, त्याची बायको, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"माझा मुलगा अमेरिकेत शिकत होता," तो म्हणाला. "संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या दुकानात काम करायचा. तिथं एक जण गल्ला लुटायला आला. त्याच्याकडे असं होतं."

"इन्ना लिल्लाह," यासिर पुटपुटला.

"पहिली गोळी त्यानं छतात मारली, घाबरवायला. दुसरी क्षितिजला लागली. आता म्हणतो, दुसरी चुकून सुटली." साइटवरचा रिपोर्ट द्यावा तसा प्रेमानंद सांगत होता. "तिकडच्या सरकारी वकीलबाई विचारतायत, घरच्यांची हरकत नसेल तर खुनाऐवजी कमी गुन्ह्यावर मिटवू का. आम्हाला उत्तर द्यायचंय. चुकून सुटते का, तेवढं मला बघायचंय."

यासिरनं लहान पिस्तूल उचलून आत ठेवलं आणि घोडा असलेलं मोठं पुढे घेतलं.

"मी तुमच्या मागे उभा राहणार. तोंड कायम समोरच्या वाळूकडे. मी खलास म्हटलं की खलास, तिथंच थांबायचं."

"चालेल."

पिस्तूल वाटलं होतं त्याहून जड निघालं. यासिरनं घोडा हलकेच खाली उतरवला, प्रेमानंदची बोटं मुठीभोवती नीट बसवली आणि खांद्याला हात लावून खूण केली.

प्रेमानंदनं चाप ओढला. हलेना. त्यानं आणखी जोर लावला. बोटाचं पेर पांढरं पडलं, मागचा घोडा सावकाश उठत गेला, तरी चाप संपेना. हे चुकून होणारं काम नव्हे. ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं शेवटपर्यंत धरून ठेवावं लागतं. हे त्याला दाबतादाबताच कळलं.

धडाका झाला. मनगटं वर उडाली. समोर वाळूचा लोट उठला.

क्षितिज गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला पोटभर श्वास घेता आला. "मुद्दामच मारलं हरामखोरानं," तो मराठीत म्हणाला.

यासिर मागून काहीतरी सांगत होता. कान झाकलेले असल्यानं प्रेमानंदला ते नीट ऐकू आलं नाही. त्यानं नेम धरायला पिस्तूल पुन्हा समोर आणलं. बोट चापावर नुसतं टेकलं.

गोळी सुटली.

"खलास! खलास!" यासिरनं त्याच्या हातांवर हात दाबून पिस्तूल काढून घेतलं. प्रेमानंद रिकामे हात तसेच पुढे धरून उभा राहिला.

"मी दाबलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे." यासिरनं गोळ्या काढून ठेवल्या. "पहिल्या गोळीनंतर घोडा मागेच राहतो. मग चाप अगदी हलका होतो. नव्या माणसाला ते समजत नाही. तेच सांगत होतो."

बाहेर पार्किंगमध्ये उतरतं ऊन डोळ्यांत घुसत होतं. गाडीत बसून प्रेमानंदनं एसी सुरू केला.

"सांगा," सुगंधा म्हणाली.

"नाही सुटत चुकून. चाप केवढा जड असतो. मुद्दाम जोर लावल्याशिवाय..."

"मी काचेतून बघत होते."

तो सीटबेल्ट ओढू लागला.

"दुसऱ्या वेळी तुम्ही केवढे दचकलात."

"मी आज पहिल्यांदा हातात घेतलं, सुगंधा. तो पिस्तूल घेऊन फिरणारा माणूस. त्याला माहीत असणारच."

"असेल. नसेलही." ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. "सकाळपर्यंत मला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्याच्या जोरावर मी जेवत होते, झोपत होते."

तिनं त्याच्या खिशातला मोबाइल काढून घेतला आणि वकीलबाईंचा नंबर लावला. तिकडे ऑफिस नुकतंच उघडलं असणार. पलीकडून आवाज आला तशी ती ताठ बसली.

"धिस इज क्षितिज्स मदर," ती म्हणाली. "नो ऑब्जेक्शन."

पलीकडून लांबलचक काहीतरी विचारलं गेलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"नो मॅडम. नॉट फर्गिव्हिंग. ओन्ली नो ऑब्जेक्शन."

फोन बंद करून तिनं तो मांडीवर उलटा ठेवला. प्रेमानंदनं गिअर टाकायला हात पुढे केला.

"एवढ्यात गाडी काढू नका," ती म्हणाली. "तुमचे हात थांबू देत आधी."