बिरुदेवचा मंत्र

"सर, माझ्या योद्ध्याला मंत्र शिकायचेत," बिरुदेव म्हणाला, आणि देवदत्तच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला.

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचं कॅन्टीन रविवारी बंद असे, पण दहाच्या ठोक्याला तिथल्या चार खुर्च्या भरलेल्या असत. देवदत्त तिथला स्टोअर मॅनेजर. हा खेळ तो पुण्यात एमबीए करताना शिकून आला होता. प्रत्येकाचं कागदावर एक पात्र, वीस बाजूंचा एक फासा आणि गोष्ट सांगणारा एक जण. गोष्ट अर्थातच देवदत्त सांगायचा. बाकीचे तिघं त्याच्याच हाताखालचे होते.

बिरुदेव गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. मंगळवेढ्याकडचा, अंगानं दणकट. देवदत्तनं पहिल्याच दिवशी त्याला योद्धा करून टाकलं होतं आणि त्याच्या कागदावर बुद्धीच्या रकान्यात स्वतःच्या हातानं आठ लिहिले होते. तेही जास्तच झाले, असं तो घरी जाऊन बायकोला म्हणाला होता. तलवार फिरवायला डोकं कशाला लागतं?

"योद्ध्यानं मांत्रिक व्हायचं तर बुद्धी तेरा लागते," देवदत्त म्हणाला. "तुझी आठ. मंत्र म्हणजे काय खोकी उचलणं वाटलं का?"

"व्हय, तेरा लागती. पर गोष्ट सांगणाऱ्याची मर्जी आसंल तर गुरू परीक्षा घिऊ शकतो, आसं बी लिवलंय की सर."

म्हणजे यानं खेळाच्या नियमांचं पुस्तक वाचलं होतं. तेही इंग्रजी. देवदत्तला हे मुळीच आवडलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या पायरीवर राहावं, अशा स्वच्छ मताचा तो माणूस होता. योद्धे मंत्र म्हणायला लागले तर उद्या फोर्कलिफ्टवाले मॅनेजरच्या खुर्चीत बसतील.

डिस्पॅचची भार्गवी मान खाली घालून वहीत काहीतरी खरडत होती. तपासणी विभागातला सोमशेखर चष्मा पुसत होता.

"परीक्षेत नापास झालास तर मंत्र उलटेल," देवदत्त म्हणाला. "पात्र मरेल. मेल्यावर काय होतं ते माहितीये ना?"

या टेबलाचा नियम तोच होता. पात्र जिवंत तोवर खेळायचं. पात्र मेलं की माणूस कायमचा बाहेर. मागच्या वर्षी भार्गवीनं बहिणीच्या साखरपुड्यासाठी एक रविवार मागितला, तेव्हा देवदत्तनं तिला हा नियम शांतपणे समजावून सांगितला होता. रजेच्या अर्जांवर सही कोणाची लागते, याचीही जाता जाता आठवण करून दिली होती. ती साडेनऊलाच हजर झाली. अशी निष्ठा पुण्यातसुद्धा बघायला मिळत नाही, असं तो चारचौघांत अभिमानानं सांगे. तीन वर्षांत त्यानं कुणाला मरूही दिलं नव्हतं. राक्षस असो, विषारी दरी असो, ऐनवेळी तो प्रत्येकाला वाचवायचा.

"मेल्यावर दुसरं पात्र न्हाय मिळत?" बिरुदेवनं विचारलं.

"नाही."

"समद्यांम्होरं एकदा सांगा की सर. पुन्यांदा घोळ नको."

"बिरुदेवचं पात्र मेलं तर तो पुन्हा या टेबलाशी बसणार नाही. लिही गं भार्गवी."

भार्गवीनं लिहिलं आणि खाली तारीखही घातली.

देवदत्तला वाटलं होतं की आता हा वरमेल, माफी मागेल. पण बिरुदेव ढिम्म बसून राहिला. त्या माजोरड्या गप्प बसण्याचाच देवदत्तला राग आला. याला आता वाचवायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

"ठीक आहे. फाशावर पंधरा किंवा त्याच्या वर पडले तर गुरू मंत्र देईल."

"पंधराच?" बिरुदेव म्हणाला. "लई सोपं झालं की. मला सगळ्यात अवघड मंत्र पायजे. अठरा करा."

देवदत्त मोठ्यानं हसला. आठ बुद्धीचा माणूस अगदी असाच वागतो. "कर अठरा. टाक फासा."

बिरुदेवनं फासा मुठीत धरला, डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला. सोमशेखर खुर्चीच्या कडेला सरकला. फासा टेबलावरून घरंगळत गेला, चहाच्या कपाला आपटला आणि थांबला.

सोळा.

पंधरावर राहिला असता तर जिंकला असता. बिरुदेवनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे गदगदायला लागले. देवदत्तला क्षणभर त्याची दया आली. एवढा धिप्पाड गडी, आणि खेळासाठी रडतोय!

पण नियम तो नियम. देवदत्तनं योद्ध्याचा कागद उभा फाडला. "मंत्र उलटला. तुझा योद्धा जळून राख झाला. जा आता."

"येतो सर," बिरुदेव कसाबसा म्हणाला, आणि मान वर न करता बाहेर पडला. मिनिटभरात बाइक सुरू झाल्याचा आवाज आला आणि हायवेच्या दिशेनं लांब गेला.

देवदत्तनं कागदाचे तुकडे नीट गोळा केले. घसा खाकरला.

"बघितलंत? आपली लायकी सोडून उडी मारली की हे असं होतं. मला वाईट वाटतं, एवढ्या चांगल्या जागेला तो मुकला. यातून तुम्ही दोघं काय शिकलात?"

भार्गवीनं फासा केव्हाच उचलला होता.

"सर, माझ्या तिरंदाजालाही मंत्र शिकायचेत."

"मॅडम, थांबा की, मी वयानं मोठा हाय," म्हणत सोमशेखरनं तिच्या मुठीतून फासा काढून घेतला. "आधी मी. आणि सर, मला अठरा नको, वीस ठेवा."