तिला न सापडलेला खुनी

“हं, घे. शेवटचं प्रकरण काढून ठेवलंय,” असं म्हणत लेखकानं कागदांचा गठ्ठा बायकोच्या मांडीवर ठेवला. “आता लढव डोकं.”

“आधी चष्मा द्या,” ती म्हणाली. “आणि पाठीला ती उशी लावा. खून काही आडवं पडून वाचायची गोष्ट नाही.”

त्याच्या प्रत्येक रहस्यकथेची पहिली वाचक तीच. लग्न झाल्यापासूनचा त्यांचा रिवाज होता. शेवटचं प्रकरण स्वतःकडे ठेवून बाकीची कादंबरी तो तिला द्यायचा. तिनं वाचून खुनी कोण ते सांगायचं. मग तो शेवटचं प्रकरण पुढे करायचा आणि तिचा अंदाज सपशेल चुकलेला असायचा. दर वेळी! ती चुकली की ह्याची स्वारी खूश, शीळ घालत प्रकाशकाकडे निघायची.

एवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं. पण कौतुक एकदा अंगात भिनलं की जिभेला हाड राहत नाही. घरी चार माणसं आली की हा सुरू. “रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या घरात जन्म काढला, पण हिला एक खुनी सापडला असेल तर शपथ!” माणसं हसायची. तीही हसायची आणि चहा टाकायला आत निघून जायची. तिच्यामागोमाग आत जावं, असं त्याला तेव्हा कधी वाटलं नाही. आता वाटून काय उपयोग?

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. बाहेर आल्यावर बाकावर बसलेल्या बायकोला त्यानं सांगितलं, “काही नाही गं, रक्त कमी आहे. टॉनिक घ्यायचं, आराम करायचा.” आयुष्यभर थापा लिहून पोट भरलं, पण ही एक थाप मारताना त्याला तिच्याकडे बघवेना. मुलगी परदेशातून निघाली होती. ती येईपर्यंत तरी हिला काही कळू द्यायचं नाही, हे दिवस हिनं निर्धास्त काढावेत, एवढंच त्यानं मनाशी ठरवलं होतं. आणि आणखी एक. एकदा तरी हिला जिंकू द्यायचं.

म्हणून ही कादंबरी त्यानं मुद्दाम बिघडवली. तो नेहमी म्हणायचा, वाचकाला फसवायचं, पण लबाडी करून नाही. पुरावा त्याच्या नाकासमोर ठेवायचा आणि त्याचं लक्ष भलतीकडे न्यायचं. शेवटी कपाळावर हात मारून ‘अरेच्चा, हे तर समोरच होतं!’ म्हणण्यात त्याला खरी मजा येते. या वेळी त्यानं लक्ष कुठेच नेलं नाही. हॉटेलमालकाचा खून त्याच्या पुतण्यानं केलेला. पुतण्याच्या बुटांना चिखल, मनगटावर ओरखडा, आणि खुनाची वेळ पोलिसांनी सांगायच्या आधीच ह्याच्या तोंडी. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. प्रकाशक हे वाचून डोक्याला हात लावणार, हे तो जाणून होता. लावेना का!

दोन दिवस ती वाचत होती. तो औषध द्यायचा, पाणी द्यायचा, उन्हाची तिरीप आली की पडदा ओढायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचा. ‘बुटांचं वाचलंस का गं?’ असं दोनदा त्याच्या ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं गठ्ठा बाजूला ठेवला, चष्मा काढला.

“सापडला,” ती म्हणाली.

“कोण?” त्यानं खुर्ची पुढे ओढली.

“स्वयंपाकीण.”

“स्वयंपाकीण?”

“तीच. एरवी सगळ्यांवर खेकसणारी बया, आणि त्या दिवसापासून बघा, कशी तुपात घोळून बोलते. ह्याला पाणी आणू का, त्याचा पडदा ओढू का. उगाच कुणी असं बदलत नसतं.”

अरे देवा! स्वयंपाकिणीचा तो गोडवा त्यानं नुसती पानं भरायला लिहिला होता. इतका सोपा करून दिला, तरी हिला पुतण्या दिसू नये? त्याला हसू यायला हवं होतं, इतकी वर्षं यायचं तसं. त्याऐवजी त्याची नजर तिच्या हातांकडे गेली. तिच्या हातातल्या बांगड्या सैल होऊन पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

“ओळखलंस!” तो मोठ्यानं म्हणाला. “अगदी बरोबर. स्वयंपाकीणच!”

“खरंच?”

“खरंच म्हणजे काय! हरलो बुवा. येऊ देत आता रविवारी सगळ्यांना, चारचौघांत कबूल करतो.”

“मग द्या बघू शेवटचं प्रकरण.”

“ते होय? ते जरा... थोडं टाइप करायचं राहिलंय. उद्या देतो.” मनातल्या मनात त्यानं पुतण्याला सोडून स्वयंपाकिणीला बेड्या घालायला सुरुवातही केली होती.

ती जिंकल्याबद्दल टाळी मागेल असं त्याला वाटलं. तिनं टाळी मागितली नाही. त्याचा हात ओढून तिनं आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“खुनी पुतण्या आहे हो,” ती हळूच म्हणाली. “दर वेळेसारखा ह्याही वेळी मला आधीच कळला होता. आता खरं सांगा, डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?”