एक पिशवी कमी

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मास्तरांच्या खांद्यांवरच्या वाळूच्या दोन पिशव्यांपैकी एक घसरली. त्यांनी ती गुडघ्याने अडवली, पुन्हा खांद्यावर घेतली आणि उरलेल्या पायऱ्या दातओठ खात चढले. चौथ्या मजल्यावर परीक्षकाने घड्याळाचं बटण दाबलं.

"अठरा सेकंद जास्त, काका. नापास."

रुग्णवाहिकेवरच्या या माणसाला 'मास्तर' नाव पडलं होतं, कारण केंद्रातल्या प्रत्येकाला पेशंट उचलायला त्यांनीच शिकवलं होतं. वय सत्तावन्न. निवृत्तीला दोन वर्षं. चाचणीत नापास झालेल्याने गाडीवर जायचं नाही, भांडारात बसून बँडेजच्या खोक्यांची राखण करायची, असं वरून आलेल्या कागदात लिहिलं होतं.

गेली नऊ वर्षं मास्तरांबरोबर स्ट्रेचरचं दुसरं टोक धरणारी ताई कठड्याला टेकून उभी होती. सगळ्यात आधी तिचीच चाचणी झाली होती. पुरुषांना दोन पिशव्या, बायकांना एक. वर पोचली तेव्हा तिला धड धापही लागली नव्हती.

"वाईट वाटून घेऊ नका," परीक्षक म्हणाला. तिशीतला, पिळदार अंगाचा, बोलायला गोड माणूस; चाचणी सुरू करण्याआधी दोन पिशव्या घेऊन तो स्वतः वेळेत चढून दाखवून गेला होता. "नियम सगळ्यांना सारखा. पंचविशीचा असो की साठीचा."

"सारखा कुठे?" ताई म्हणाली. "मला एकच पिशवी दिलीत."

"ती सवलत आहे. बायकांसाठी."

"मी कुठे मागितली होती? पेशंट काय मला बघून अर्धा होतो?"

खाली रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"ताई, जाऊ दे गं," मास्तर पायरीवर बसत म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. तेच तिला सहन झालं नाही. किती वाईट दिवस दोघांनी एकत्र काढले होते, पण या माणसाची मान खाली गेलेली तिने कधी पाहिली नव्हती.

"आणि एक सांगा साहेब, आम्ही ओझं घेऊन वर कधी चढतो? आम्ही माणसं खाली उतरवतो. लिफ्ट बंद पडली की चार-चार, पाच-पाच मजले. तुमच्या कागदात उतरणं आहे का कुठे?"

परीक्षकाने कागद उलटून पाहिला. नव्हतं.

ताईने खाली हाक मारून स्ट्रेचर वर मागवलं. "झोपा साहेब."

"कोण?"

"तुम्ही. वजन किती?"

"ब्याण्णव."

"चालेल. पेशंट काही वजन करून येत नाहीत."

जिन्यात एव्हाना सगळी रांग वर सरकली होती. एवढ्या डोळ्यांसमोर परीक्षकाला नाही म्हणवेना. तो हसत हसत आडवा झाला. ताईने पट्टे आवळले.

मास्तर उठले. खालचं टोक ताईने घेतलं; उतरताना जास्त भार तिकडेच येतो. मास्तर डोक्याकडे राहिले, कारण बोलायचं काम त्यांचं.

"हात आत घ्या साहेब, कठडा लागेल. आता नऊ पायऱ्या, मग वळण. खाली बघू नका, माझ्याकडे बघा. ताई, थांब. अर्धं पाऊल डावीकडे. हं, चल."

पहिल्या वळणावर परीक्षक अजून हसत होता. दुसऱ्या वळणावर त्याचे पाय कठड्यापलीकडे हवेत गेले आणि त्याने पट्टा घट्ट धरला. मग मात्र त्याची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावरून हलली नाही. तळमजल्यावर स्ट्रेचर टेकलं तेव्हा ते टेकल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही.

तो उठून बसला. काहीच न करता त्याची कॉलर भिजली होती.

"मानलं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "पण हे फॉर्मवर लिहू कुठे? जागाच नाही. वरचे लोक फक्त वेळ बघतात."

"मी दाखवते कुठे लिहायचं."

ताईने गठ्ठ्यातून स्वतःचा फॉर्म ओढला. 'पास' वर काट मारली. शेजारी 'नापास' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात: एक पिशवी कमी उचलली. खाली सही ठोकली.

"अगं, वेड लागलंय का तुला?" मास्तर म्हणाले, पण आता त्यांची मान वर होती.

तेवढ्यात फोनवर बसणाऱ्या बाईंनी खिडकीतून आवाज दिला. "पाचवा मजला! म्हातारीच्या छातीत दुखतंय, लिफ्ट बंद आहे! कुणाची पाळी?"

पाळी त्यांचीच होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. दोघं स्ट्रेचर आत सरकवायला लागले, तोच परीक्षक आडवा आला.

"थांबा. तुम्ही दोघंही नापास आहात. नियमाने तुम्हाला जाता येणार नाही."

"मग पास झालेलं कोण आहे इथे?"

परीक्षकाने रांगेकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकाचीही चाचणी अजून झाली नव्हती.

"तुम्हीच तेवढे," ताई म्हणाली आणि गाडीच्या दारातून थोडी बाजूला सरकली. "चला, बसा. खालचं टोक तुम्ही धरा."

कुणी हसलं नाही. परीक्षकाने गाडीतल्या स्ट्रेचरकडे पाहिलं. मग हातातले फॉर्म काखेत मारून तो धावत सुटला, आणि फाटकाचे दोन्ही दरवाजे त्याने स्वतः सताड उघडले.