टोपडं

आमच्या जमातीची माणसं शोधत जमाव दारोदार फिरत होता, तेव्हा समोरच्या शिवणवाल्या मावशींनी मला बाळासकट आपल्या घरात ओढून घेतलं. मावशी त्या जमावाच्याच जमातीच्या. पाच मिनिटांत दार वाजलं.

"ही कोण?"

"माझी सून."

दारातल्या माणसाची नजर माझ्यावरून हलेना. मी तोंड उघडलं असतं, तर बोलण्यावरून कळलंच असतं. तेवढ्यात मावशी माझ्यावरच कडाडल्या, "खांबासारखी उभी काय राहिलीस? पोराचं डोकं उघडं, दारातून वारा येतोय! महिना झाला टोपडं शिवून दिलं, एकदा तरी घातलंस? एवढी शिकलीस, पण कुणाचं ऐकशील तर शपथ!"

मागचा एक जण हसला. "सासूच आहे रे. चला."

पावलं जिना उतरून गेली, तशी मी म्हणाले, "मावशी, काय हुबेहूब सासू वठवलीत!"

"वठवली कसली?" बाळाचे गार कान तळहातांनी झाकत त्या म्हणाल्या. "टोपडं का घातलं नाहीस, ते सांग आधी."

‘त्यांच्या’कडून आलेलं म्हणून मी त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.